एक टँकर विरजण

आवडी,
१८ नोव्हेंबर २०२४

श्री. मंदारराव यांस,

‘चि.’ लिहायला गेलो होतो, हात आवरला. आशीर्वादही सध्या शिल्लक नाहीत. इकडे सर्व क्षेम. तिकडचं कळलं.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र टँकरवाल्या सेल्वमच्या हाती. टँकरात आमच्या इथल्या, आवडी गावातल्या सांडपाण्याच्या प्लँटचा गाळ आहे. नाक मुरडू नका. तुमच्या शोळिंगनल्लूरच्या फ्लॅटांच्या सांडपाण्याला आता हेच विरजण लागेल. टाकीतलं पाणी ताकासारखं गढूळ आहे आणि असोसिएशनच्या मीटिंगपर्यंत नितळलं नाही तर तुमचं काम जाणार, हे रुचिरानं सांगितलं. तुम्ही नाही. लाज वाटली असेल. वाटायलाच हवी.

हेच काम तुम्ही माझ्या हातून काढून घेतलंत, लग्नाला वर्ष होत नाही तोच. सेक्रेटरीला म्हणालात, “मामनारुक्कु सायन्स तेरियादु.” सासऱ्याला सायन्स कळत नाही! मी दाराबाहेर चपला काढत होतो. माझे कान अजून शाबूत आहेत, मंदारराव.

सायन्स तुम्हीच शिकवलंत, ते नाकारत नाही. माझ्याकडे नोकरीला होतात तेव्हा चहा पिता पिता बोटांत बोटं अडकवून दाखवलं होतंत. “काका, या जिवाणूंच्या अंगावर प्रथिनं असतात. त्यांनी ते एकमेकांना धरून ठेवतात. गठ्ठा झाला की जड होऊन तळाला बसतो, वर नितळ पाणी. सुटे राहिले तर नुसते तरंगत राहतात.” मला इतकं आवडलं की मुलगी दिली.

मग तेच विसरलात? रुचिरा प्लँटच्या खोलीतून बोलत होती, मागे टाकीत हवा सोडणारे दोन्ही ब्लोअर किंचाळत होते. कोणीतरी वासावरून आरडाओरडा केला आणि तुम्ही घाबरून हवा दुप्पट केलीत, असंच ना? एवढ्या घुसळणीत कोण कोणाला धरून राहील? धरलेलेसुद्धा सुटतात. आधी एक ब्लोअर बंद करा, मग गाळ सोडा.

आणखी एक. बोलता बोलता ती थांबली आणि तिनं नळ सोडला. पाण्याच्या आवाजाखालचं जे ऐकायचं ते मी ऐकलं. रुचिरा पोटात असताना तिची आई रत्नप्रभाही असाच नळ सोडायची, माझ्या आईला कळू नये म्हणून.

मला कळवायचं नाही असं दोघांनी मिळून ठरवलं असेल. ठरवा. पण त्या वासात तिला पुन्हा उभं करू नका. हा सल्ला नाही, धमकी आहे.

रत्नप्रभाला मी काही बोललो नाही. रविवारी ती लेकीला भेटायला येईल, तिला तुमच्याच तोंडून ऐकू दे. मी वर येणार नाही. गेटपाशी थांबेन. तिथून एक ब्लोअर चालतोय की दोन, ते ऐकू येतं.

तुमचा नव्हे, पण येणाऱ्याचा आजोबा,
माधवराव