बर्फाच्या कप्प्यातली बाटली

आई, ओळखलंस का मला? नसशीलच. जिवंत होतीस तेव्हासुद्धा मला हाक मारायच्या आधी तिन्ही बहिणींची नावं फुकट घालवायचीस. मी चौथी. अजून अक्षरशत्रूच आहे; मी बोलतेय, नात लिहून घेतेय. ती प्रयोगशाळेत पेशींमधले रेणू कसे टिकतात नि कसे बिघडतात ते बघत बसते. त्याचा पगार देतात म्हणे.

तुला साखरेचा आजार होता तेव्हा विश्रांतवाडीच्या आपल्या खोलीत फ्रीज कुठला? मी जिथे स्वयंपाकाला जायचे, त्या वहिनींनी तुझ्या इन्सुलिनच्या बाटलीला फ्रीजच्या दारात जागा दिली. मे महिन्यात मला वाटलं, दारात कसलं गार लागतंय. मी ती गुपचूप बर्फाच्या कप्प्यात सरकवली. संध्याकाळी घरी येईपर्यंत मुठीत वितळायची. तुला टोचून झालं की सकाळी परत कप्प्यात. साखर वाढतच चालली, तेव्हा मी तुझ्या उशीखाली हात घालून पाहिला आणि शेजारणींसमोर म्हणाले, चोरून पेढे खातेस. तू म्हणालीस, "तुझी शपथ, नाही गं खाल्ले." मी हसले. आठवड्याच्या आत तू गेलीस.

परवा मेथी निवडताना नातीला सहज विचारलं, इन्सुलिन बर्फात जास्त टिकत असेल ना गं? नाही म्हणाली. तो रेणू म्हणजे घडी घातलेला धागा, त्या घडीमुळेच तो कामाचा. गोठला की घडी मोडते, धागे एकमेकांत अडकून बसतात. पेशीत अशी घडी सावरायला दुसरे रेणू असतात, हात धरणारे.

"आणि बाटलीत?"

"बाटलीत कोण असणार, आजी?"

का विचारतेस, म्हणाली. उगीच, म्हटलं. आत्ता लिहिताना तिला कळलंय, पेन थांबलंय. लिही गं, मी रडत नाहीये, तू कशाला रडतेस?

बाटलीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं म्हणे, गोठवू नका. मला वाचता येत नव्हतं, पण वहिनींना विचारता आलं असतं. नाही विचारलं, मला वाटलं, एवढं आपल्यालाही कळतं. आणि आई, तू शपथ घेतलीस तेव्हा क्षणभर मला ते खरं वाटलं होतं. तरी हसले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, माझ्या ट्रंकेत राहील. तुला तिकडून काही पाठवायचंच असेल तर कारल्याची भाजी पाठव, आणि तीत गूळ घालू नकोस.