पाहुणीला जा कसं म्हणायचं

१९ ऑगस्ट, मंगळवार

पोचले. थकले. बाकी उद्या.

२० ऑगस्ट, बुधवार

काल आल्याबरोबर या घरच्या बाईने, फुलेश्वरीने, एक शब्द न विचारता लोटाभर पाणी पुढ्यात ठेवलं. इकडची रीतच आहे ती. पण मी त्या लोट्याकडे बघतच बसले! सव्वादोन वर्षं झाली, पाणी नेऊन ठेवणारी मीच.

राजिम रस्त्यावरचं गाव. घराच्या मागे पाहुण्यांसाठी तीन खोल्या, समोर धानाचं शेत. रायपूरचे लोक शनिवार-रविवारी चुलीवरचं जेवायला येतात. मधल्या वारी मी एकटीच. फुलेश्वरी सगळं बघते — चूल, चादरी, पाहुणे. तिचा नवरा शेतावर. सासू ओसरीत खाटेवर. मेलं, इथेही खाट!

नऊपर्यंत झोपले. कोणी उठवलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

घरून ह्यांचा, दिवाकरांचा फोन. "झाला का आराम? तू आली की ताईले घेऊन येतो. आईची खोली तर रिकामीच हाय."

रिकामी! सासूबाईंना जाऊन अडीच महिने झाले. त्यांची गादीसुद्धा अजून उन्हात टाकली नाही मी. त्यांच्यासाठी नोकरी सोडली, कुठे जाणं-येणं सोडलं. रात्री कूस बदलायची, सकाळी भरवायचं, दुपारी परत कूस. केलं. मनापासून केलं असं लिहिणार नाही, इथे तरी खोटं कशाला? पण केलं.

आणि आता इंदूताई. यांची मोठी बहीण, राजनांदगावला शाळेत होत्या, लग्न केलं नाही. चार महिन्यांपूर्वी उजवी बाजू गेली. दिवसभराची बाई आहे तिथे, पण दिवाकर म्हणतात, "ताई म्हणते, मले अपर्णाच्याच हातचं पाहिजे." माझेच हात सापडले सगळ्यांना! ताईंना फोन करावा असं चारदा वाटलं. पण त्या असं म्हणत असतील तर नाही कसं म्हणू? केलाच नाही.

म्हणजे हिशेब सरळ आहे. मी परत गेले की ताई येणार. मी जोवर इथे, तोवर नाही.

संध्याकाळी फुलेश्वरीला विचारलं, उद्या जायचं होतं, आणखी आठ दिवस राहू का? ती जरा थांबली. मग म्हणाली, "हव दीदी, रहिए ना."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

काही नाही केलं. फार छान.

२३ ऑगस्ट, शनिवार

पोळा. अंगणात मातीचे बैल मांडले होते, चाकांचे. फुलेश्वरीने ठेठरी आणि खुरमी आणून दिली. खाल्ली, पुन्हा मागितली, पुन्हा खाल्ली. लाज सोडली मी इथे येऊन.

दुपारी तिचा भाऊ आला, मोटरसायकलवर. अर्धा तास बसला, चहा प्यायला. दोघं काहीतरी हळू बोलत होते. मग तो एकटाच परत गेला. फुलेश्वरी फाटकापाशी बराच वेळ उभी होती. मी खिडकीतून हाक मारली — चहा मिळेल का? लगेच आणला बिचारीने.

रुचिताचा फोन. पोट्टी आईशी मराठीत बोलेल तर शपथ! "मम्मी, पापा को साफ मना कर दो ना." हो गं बाई, तू पुण्यात बसून म्हण.

२४ ऑगस्ट, रविवार

लाज वाटतेय. इतकी, की सुटकेस भरली आहे.

सकाळी ओसरीत फुलेश्वरीच्या सासूजवळ बसले. सहज म्हटलं, फुलेश्वरीचा भाऊ का परत गेला? म्हातारी म्हणाली, "तीजा बर लेगे आए रहिस. तोर सेती नई गइस." तीजासाठी, म्हणजे आपल्या हरतालिकेसाठी, न्यायला आला होता. तुझ्यामुळे गेली नाही.

माझ्यामुळे!

एवढी वर्षं रायपूरला राहतेय, मला हे सुचू नये? तीजाला इथली एकही सून सासरी थांबत नाही. भाऊ येतो, नेतो, माहेरी उपास, माहेरची साडी. ऑफिसात असताना त्या आठवड्यात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असायच्या आणि मी कुरकुर करायचे. हे लोक दर वर्षी या दिवसांत खोल्या बंद ठेवतात. यंदा मी बसले ना इथे मुक्काम ठोकून!

विचारलं, मला सांगितलं का नाही? म्हातारी हसली. "पहुना ला कइसे कहिबो, जा कहिके?"

पाहुणीला जा कसं म्हणायचं. बरोबर आहे. मी तरी कुठे कधी कोणाला म्हटलं?

म्हणजे मी इथे येऊन काय केलं? एका बाईला बांधून ठेवलं. खाटेवर बसून चहा मागितला. मला जे झालं तेच मी हिला केलं, आणि वर म्हणत होते, फार छान!

फुलेश्वरीला सांगितलं, मी आजच निघते, तू भावाला फोन कर. ती घाबरली, काही चुकलं का म्हणून. मग मला रडू आलं. सगळं बोलून टाकलं — सासूबाई, ताई, घरी गेले की काय वाट बघतंय ते. ती चुलीपुढे ऐकत बसली. शेवटी म्हणाली, "तो घर काहे जाओगी? मेरे मायके चलो. तुम्हारा मायका है क्या?"

नाही. आई-बाबा गेले. भाऊ नव्हताच.

"फिर?"

२५ ऑगस्ट, सोमवार

तिच्या माहेरी. भाऊ 'छोटा हाथी' टेम्पो घेऊन आला होता. फुलेश्वरी पुढे बसेना, म्हणून आम्ही दोघी मागे, पोत्यावर. या वयात! कंबर गेली कामातून.

घरी म्हातारीचं कोण करेल म्हणून मी वाटभर घोकत होते. फुलेश्वरीला त्याचं काहीच नाही. "उनका बेटा है ना," म्हणाली. एवढंच. तिचा मुलगा आहे ना! मी हे वाक्य दिवसभर मनात फिरवतेय.

रात्री करू भात — कारलं आणि भात. उद्या पाणीसुद्धा नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

तीजा. घरात अकरा बायका, सगळ्या माहेरवाशिणी, सगळ्या आडव्या-तिडव्या पसरलेल्या. कोणी कोणाला काही करायला सांगत नाही. पुरुष चूल फुंकताहेत आणि धूर करताहेत.

मीही हरतालिकेचा उपास धरला होता. दुपारी मागच्या दाराने जाऊन पाणी प्यायले. देवा, माफ कर. खूप तहान लागली होती.

२७ ऑगस्ट, बुधवार

यंदा दुखवट्याचं वर्ष, घरी गणपती नाही. म्हणजे मोदक नाहीत, आरास नाही. सासूबाई, जाता जाता एवढं दिलंत.

दिवाकरांचा फोन. "तू काहून कोणाच्या गावी जाऊन बसली? उद्याच्या बसनं ये." मी काही बोलायच्या आत फुलेश्वरीच्या आईने फोन घेतला. माई म्हणतात त्यांना सगळे. सत्तरीची बाई, आवाज असा की गोठ्यातल्या गाई वळून बघतात.

"जमाई बाबू, बेटी ला तीजा में लाए हन. अपने से नई जाय. लेने आना पड़ेगा."

पलीकडे एकदम नरम — "हौ माई."

बत्तीस वर्षांत मला हा 'हौ' मिळाला नाही!

फोन ठेवून माई मला म्हणाल्या, येऊ दे त्याला, मग तोंडावर सांग. फोनवर कशाला. सांगायचं आहे. सांगायचंच आहे. काय सांगायचं ते दहादा पाठ केलं. 'मला जमणार नाही.' तीन शब्द. अकराव्यांदा म्हणताना परत ताईंचा चेहरा समोर आला आणि अडखळले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

माईंनी साडी दिली, जांभळी. फुलेश्वरीला दिली तशीच.

दिवाकर उद्या येताहेत. झोप नाही. मी नाही म्हटलं तर ताईंना वाटेल, सासूचं केलं, माझं करायला हिला जड झालं. आणि हो म्हटलं तर मी संपले. दोन्ही खरं आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दिवाकर आले. आणि गाडीत मागच्या सीटवर इंदूताई! एका फेरीत दोन्ही कामं उरकायची म्हणून सकाळीच राजनांदगावहून त्यांना उचलून आणलं. माझं पाठ केलेलं सगळं वाया.

हे माईंना नमस्कार करायला आत गेले. ताईंनी डाव्या हाताने काच खाली केली. माझं मनगट धरलं. शब्द आता सावकाश येतात त्यांचे.

"अपर्णा, माझं घर काहून सोडवून राहिली तू? दिवाकर म्हणे, तूच हट्ट करून बोलावलं. मले तर कोणी विचारलंच नाही."

मनगट अजून धरलेलंच.

"तुले विचारलं होतं का?"