त्याच जागी बुडणारं बूच

प्रिय अण्णा,

हाताला अजून कोळंबीचा वास येतोय. दोनदा साबण लावून झाला, तुमचे जावईबापू नाक मुरडून झाले, तरी जात नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "राहू दे पोरी, उद्यापर्यंत जातो आपोआप." म्हणून तसल्याच हाताने लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आजच हिला काय झालं, असं वाटेल तुम्हाला. आज मी तुमची गळाची काठी घेऊन जेट्टीवर गेले होते, अण्णा.

हो, तीच काठी. तुम्ही आणि आई दोन महिने इथे परदेशात माझ्याकडे राहायला आला होतात, तेव्हा हातवारे करून घासाघीस करत विकत घेतलेली. चोआ चू कांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये, इथे घरोघरी असणाऱ्या बॉम्ब शेल्टरच्या, म्हणजे आपल्या अडगळीच्या खोलीच्या, त्या जाड लोखंडी दाराआड, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे ती उभी होती. आठ महिने मी व्हॅक्यूम काढत होते, ठेवत होते, आणि काठीकडे बघत नव्हते. जमतं असं, बरं का!

अकराव्या मजल्यावर तुमचा जीव किती कोंडला होता पहिल्या आठवड्यात! "इथे पाणी दिसतं, पण त्याचा वास येत नाही," म्हणायचात. मग मी तुम्हाला माझ्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसपासून जवळची जेट्टी दाखवली आणि माझं कामच संपलं. गळ्यात प्रवासाचं कार्ड अडकवून एकटेच एमआरटीच्या ट्रेनने जायचात, पुढे बस पकडायचात. दुपारी मी डबा घेऊन आले तर एका चिनी म्हाताऱ्याशेजारी बसलेले दिसायचात. अंकल लिम. त्यांना मराठी येत नव्हती, तुम्हाला 'गुड' आणि 'नो गुड' याच्यापुढे इंग्रजी येत नव्हती. आणि तरी तुम्ही दोघे तासन्‌तास काय बोलायचात हो?

आई चिडवायची ते आठवतं? "सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी गळ टाकायचा, शोभतं का?" त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "उपाशी होतो तेव्हा खाल्ले. आता नुसती भेट घेतो आणि सोडून देतो." आणि खरंच सोडायचात. आई तरीही तोंड फिरवायची.

पण मला सांगायचंय ते त्याच्याही आधीचं आहे. कराडचं.

मी पाचवीत असेन. तुमची पाटबंधारे खात्यातली नोकरी. नदीत रोवलेली ती लाल-पांढरी मोजपट्टी सकाळ-संध्याकाळ वाचायची, पाणी किती चढलं-उतरलं ते कळवायचं. संध्याकाळचं वाचन झालं की घाटाच्या शेवटच्या पायरीवर तुमचा गळ पडायचा. तंगुसाच्या दोरीला बाटलीचं बूच बांधलेलं, आणि त्याला मोजपट्टीचाच उरलेला लाल-पांढरा रंग. बूच प्रवाहाबरोबर हळूहळू वाहत जायचं आणि माझे डोळे त्याच्या मागे.

ते जरा बुडालं की मी ओरडायचे, "अण्णा, मासा!" तुम्ही हिसका द्यायचात आणि निघायचं शेवाळ. नाहीतर गळ तळाच्या दगडात अडकलेला. पुन्हा ओरडायचे, पुन्हा दगड. मग रागावून मी ओरडणंच बंद केलं, तर नेमका मासा आमिष खाऊन पळाला. तेव्हा तुम्ही मला जवळ बसवून शिकवलंत. दगड नुसता धरून ठेवतो, बूच आधी कलतं, रेंगाळतं आणि मग सावकाश खाली जातं. मासा ओढतो, बूच थरथरतं आणि एकदम नाहीसं होतं, कधी प्रवाहाच्या उलटंसुद्धा जातं. "आणि त्याच जागी दुसऱ्यांदा बुडलं की दगड समज. बाकी शंका आली तर हिसका दे. गळ तुटला तर नवा बांधू, त्यात काय?"

तुम्ही पुढे आणखी काहीतरी सांगत होतात. पण मला नियम मिळाला होता ना! त्याच जागी बुडलं की दगड. किती सोपं! मी उठून वर पेरूवाल्याकडे पळाले. पुढचं मी ऐकलंच नाही. तुम्ही पुन्हा का नाही सांगितलंत, अण्णा? दोन पेरू खाऊन परत आले होते की मी!

त्या अर्ध्या नियमावर मी किती वर्षं काढली सांगू? नोकरीसुद्धा त्यावरच करते म्हणा ना. बंदरातल्या क्रेनवरून दिवसाला ढिगाने बिघाडाचे इशारे येतात, त्यातला खरा कोणता आणि खोटा कोणता ते मला ठरवायचं असतं. रोज त्याच वेळी त्याच क्रेनवरून तोच इशारा आला की मी तो बाजूला टाकते. टीममधली मुलं माझ्या नजरेचं कौतुक करतात. मीही फुशारून जाते.

आणि दर रविवारी संध्याकाळी तुमचा फोन यायचा.

हवा-पाणी झालं, नदीची पातळी सांगून झाली, की "आईला देतो" म्हणायच्या बरोबर आधी तुमचं एक वाक्य यायचं. "घाट चढताना हल्ली मध्ये जरा बसावं लागतं." दर रविवारी. त्याच जागी. त्याच शब्दांत. मी म्हणायचे, "वय झालं आता अण्णा, हळू चढत जा." आणि तुम्ही आईला फोन द्यायचात. एकदा फोन ठेवून मी ह्यांना हसत हसत म्हटलंसुद्धा, "हा अण्णांचा नेहमीचा दगड."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही घाटाच्या सातव्या पायरीवर दम खायला बसलात आणि उठला नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा दाखला द्यायला आलेले डॉक्टर आईला विचारत होते, "बरेच महिने दम लागत असणार यांना. कुणाला काही बोलले नव्हते?" आई म्हणाली, "नाही हो, मला कधीच नाही." मी तिच्या शेजारी उभी होते. मी गप्प राहिले. कारण तुम्ही बोलला होतात, अण्णा. फक्त मला.

रागसुद्धा येतो तुमचा. जरा जोरात सांगायचं होतंत! नदी धोक्याच्या खुणेजवळ आली की अख्खं ऑफिस उठवायचात आणि स्वतःबद्दल मात्र एवढ्या हळू आवाजात? "मला बरं नाही, तू ये" एवढं म्हणायला काय झालं होतं? मी आले असते. खरंच आले असते का, हे मात्र मी स्वतःला विचारत नाही.

आज शनिवार. सकाळी काही न ठरवता बॉम्ब शेल्टर उघडलं, काठी काढली, वेट मार्केटमधल्या मासळीवाल्याकडून कोळंबी घेतली आणि जेट्टीवर गेले. पाण्यात बघते तर काय! एक लाल-पांढरं बूच तरंगत होतं. आपल्या मोजपट्टीचा रंग! पाय तिथेच थांबले माझे. एक क्षण, अगदी एक क्षण, मी कठड्यावर तुम्हाला शोधलं.

त्या बुचाची काठी अंकल लिमच्या हातात होती. निघताना तुम्ही त्यांना एक बूच देऊन गेला होतात, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी मला ओळखलं आणि तोंडभर हसले. "ए, अण्णा डॉटर! युअर फादर व्हेन कमिंग? सो लाँग नेव्हर सी!"

मी म्हटलं, "ही पास्ड अवे, अंकल. एट मन्थ्स." इंग्रजीत किती पटकन संपतं ते वाक्य!

त्यांनी आपला गळ पाण्यातून वर ओढला. तंगूस गुंडाळून घेतला, बूच सोडवलं, शर्टाला पुसलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी नको नको म्हणत होते, ते ऐकत नव्हते. शेवटी त्यांनीच ते माझ्या काठीला बांधलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं. "थ्रो."

मी गळ टाकला. भरती होती, बूच खांबांच्या बाजूने वाहत गेलं आणि तिसऱ्या खांबापाशी कललं, बुडलं. हिसका दिला, काही नाही. पुन्हा टाकला. पुन्हा तिसरा खांब, पुन्हा बुडलं. मी शहाण्यासारखी म्हटलं, "रॉक, अंकल. सेम प्लेस." आणि गुंडाळायला लागले.

त्यांनी माझा हात धरला. "नो, नो. युअर फादर टीच मी वन. सेम प्लेस गो डाऊन, डोन्ट गिव्ह अप फर्स्ट." मग त्यांनी पंजा ताणला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, अगदी तुम्ही ताणायचात तसा. वीत. "वन हँड अप. थ्रो अगेन. स्टिल गो डाऊन, देन फिश लाह! फिश लाइक टू स्टे बिसाइड रॉक."

अण्णा! हे होतं पुढचं? हे सांगत होतात तुम्ही, मी पेरूवाल्याकडे पळाले तेव्हा? गळ एक वीत वर घ्यायचा आणि त्याच जागी पुन्हा टाकून बघायचं. आता नाही बुडलं तर दगड. तरीही बुडलं तर मासा, कारण मासा दगडाच्या आडोशालाच राहतो. एवढंच! आपली भाषा न येणाऱ्या माणसाला तुम्ही हातवाऱ्यांनी हे शिकवून गेलात आणि मी, तुमची पोटची पोरगी, अर्ध्यावर उठून गेलेली.

मी बूच सरकवून गळ वीतभर वर घेतला. टाकला. तिसऱ्या खांबापाशी बूच थरथरलं आणि गेलंच. वर आला तो हाताएवढा ठिपक्याठिपक्यांचा मासा. ग्रूपर म्हणतात त्याला, आणि अजून बाळ आहे, असं अंकल म्हणाले. मला नीट दिसत नव्हतं. मी त्याला सोडून दिलं आणि तिथेच कठड्याला टेकून रडले. अंकल पाठ करून उभे राहिले, मला कुणी बघू नये म्हणून.

घरी आले आणि रविवारची वाट न बघता आईला फोन लावला. "कशी आहेस?" "बरी आहे गं, माझी काळजी करू नको." गेले आठ महिने त्याच जागी हेच वाक्य येतंय. नेहमी मी यावर "बरं" म्हणते आणि पुढचं विचारते.

आज मी एक वीत वर घेतलं. म्हटलं, "आज सकाळपासून काय काय केलंस ते सांग. सगळं."

आधी तिने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "काही नाही गं. घाटावर जाऊन येते. तुझे अण्णा रिटायर झाल्यावरसुद्धा पाणी किती ते वहीत लिहायचे ना, तेवढं मी लिहिते. एक दिवस चुकवला नाही." तुमच्या गळाला नावं ठेवणारी आई, अण्णा! रोज तुमची नदी वाचते आहे!

"आणि चढताना?" मी विचारलं.

"चढताना जरा बसावं लागतं मध्ये."

"वय झालं" हे शब्द जिभेवर आले होते, ते गिळले. "कुठे बसतेस?" "सातव्या पायरीवर." "दम लागतो म्हणून बसतेस, की अण्णांसाठी बसतेस?"

आई म्हणाली, "ते मला तरी कुठे कळतंय?"

मलाही कळलं नाही, अण्णा. पण शंका आली की हिसका द्यायचा, हे तर मी पूर्ण ऐकलं होतं ना? फोन ठेवायच्या आधीच तिकीट काढलं. गुरुवारी मी कराडला असेन. शुक्रवारी सकाळी आईला डॉक्टरांकडे नेईन, ती कितीही "बरी आहे" म्हणाली तरी. त्यांनी तिला पायऱ्या चढायला हरकत नाही म्हटलं, तर संध्याकाळी तिच्याबरोबर घाटावर जाईन, नाहीतर घरीच तिच्याजवळ बसेन. आणि तुम्ही मला दर रविवारी काय सांगत होतात ते तिला सांगेन. ती रागावली तर रागावू दे. या वेळी मी अर्ध्यावर उठणार नाही.

बूच अंकल लिमकडेच ठेवलंय. उद्या पुन्हा टाकणार आहेत.

जय भीम, अण्णा.

तुमची,
वैशू