माझ्या गोष्टीत वारलेली तुमची बहीण

आदरणीय दादांना, बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात की नाही, ते आधी कळवा. वहिनींची दाढ काढली का? दोन्ही गोष्टी मी रोज संध्याकाळी देवाच्या कानावर घालतो (गुडघे आधी, दाढ नंतर, वयाच्या मानानं). तुमची बहीण सुखरूप पोचली असेलच. हवापालटाला आले, असं तिनं सांगितलं असेल तर तो तिचा मोठेपणा. खरं काय झालं ते तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे.

आमच्या वाचनालयाच्या माडीवर रविवारी गोष्टी लिहायला शिकवतात, तिथं मी जाऊ लागलो. (काचा कापणाऱ्या माणसाला हे कुठून सुचलं, असं तुम्ही म्हणाल. पण लोकांच्या खिडक्यांना काच बसवताना माणूस अर्धा घरात आणि अर्धा बाहेर असतो. गोष्ट सुचायला ती जागा वाईट नाही.) गावच्या शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवत, त्या जोरावर मी पहिल्याच खेपेला एका राजाची गोष्ट लिहून नेली. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "राजाला कधी भेटलात?" नाही म्हटलं. "मग जे जगलात ते लिहा. तुम्ही कोण आहात, ते कळू दे." आता आली का पंचाईत! संध्याकाळी देवापुढे बसून त्यालाच विचारलं, मी कोण? देव काही बोलला नाही, त्याअर्थी उत्तर सोपं असावं. मी काचवाला आणि तुमच्या बहिणीचा नवरा, संपलं. म्हणून एका काचवाल्याची गोष्ट त्याच्याच तोंडून लिहिली. तर बाई म्हणाल्या, सगळं छान आहे, पण यात दुःख कुठंय? देवाच्या दयेनं आमच्या घरात दुःखाची टंचाई. उसनं आणायचं तर जवळून आणावं, म्हणून गोष्टीतली बायको मारली. तापानं, तीन ओळींत.

वर्ग रडला. वाचता वाचता मीही रडलो आणि तिथंच घोटाळा झाला. शिवणकाम करणाऱ्या एक ताई माझ्या मागे बसतात. जगलेलंच लिहायचं म्हणजे हे घडलेलंच, असं त्या भोळ्या जिवाला वाटलं. मी दुकानात असताना त्या फळं घेऊन मला धीर द्यायला घरी आल्या. दार तुमच्या बहिणीनं उघडलं. ताईंनी दबक्या आवाजात विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" बरीच उलटतपासणी झाली म्हणे, आणि शेवटी तुमची बहीण म्हणाली, "वारलेली ती मीच. या, बसा, चहा टाकते."

संध्याकाळी तिनं मला गोष्ट वाचायला लावली आणि कपड्यांच्या घड्या घालत ऐकली. मला वाटलं, मरण वाचून चिडेल. तिथं काहीच नाही. पुढं काचवाला सकाळी उठून चहा करतो आणि खिडकीशी बसून तिला आठवतो, तिथं तिनं हात थांबवला. "चहा केलात? गाळणं कुठं असतं, ठाऊक आहे का?" मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिनं हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली. मग एकदम म्हणाली, "ती काय म्हणते हो या गोष्टीत?" मी पानं उलटून पाहिली. ती गुणगुणत होती, बटणं लावत होती, ताट वाढत होती आणि मरत होती. सबंध गोष्टीत तिच्या तोंडी एक वाक्य नव्हतं. "जेवायचं काय?" असं मी थोड्या वेळानं विचारलं (चुकलंच), तर म्हणाली, "मेलेलं माणूस स्वयंपाक करतं का कुठं?" आणि सकाळी पिशवी भरून निघाली.

मी गोष्ट सुधारायला बसलो. (आमच्या धंद्यात काचेवर रेघ एकदाच मारतात, त्याच रेघेवरून कटर पुन्हा फिरवला की काच भलतीकडे तडकते. त्यामुळे खोडून लिहायची हाताला सवय नाही.) शेवटी कोरा कागद घेतला आणि या खेपेला नवरा मारला. मला मरायला काही जड गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती सकाळी उठते, एवढं लिहिलं आणि अडलो. घरात एकटी असली की ती कुठं बसते? खिडकीशी, की चुलीपाशी? कुणाशी बोलते? इतकी वर्षं मी देवाकडे तिच्यासाठी आयुष्य मागतोय. ती काय मागते, हे कधी विचारलं नाही. जगलेलं लिहा म्हणतात, दादा. मी तर शेजारी बसून जगलो आणि मान वळवून पाहिलंच नाही.

असो. वहिनींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा,
काचवाला

ता. क. हे पत्र तुम्ही मनातल्या मनात वाचलं असेल, तर कृपा करून पहिल्यापासून मोठ्यानं वाचा, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं. "हे असं नव्हतं झालं," म्हणून ती मध्येच बोलली, तर पत्र बाजूला ठेवा आणि तिला बोलू द्या.

आणखी एक ता. क. ती काय बोलली, ते मला कळवू मात्र नका. ते तिच्याकडूनच ऐकायचं आहे. या रविवारी वर्ग बुडवून सकाळच्या गाडीनं येतोय, कागद न घेता. येऊ का, असं तिला विचारून ठेवा. नको म्हणाली, तर उत्तर धाडायची तसदी घेऊ नका. मी निघालेला असेन.