मोजे घातलेला नावाडी

तुंगक्वान, ८ एप्रिल १९८६

चि. क्वेफांग हिस,

तुझ्या आयश्येनताईचे बोटीतून अनेक आशीर्वाद. बोटीतून म्हटल्यावर चष्मा पुसून पुन्हा वाचशील, म्हणून पुन्हा लिहिते: बोटीतून. चिंगमिंगच्या पितरांच्या सणाला सासूसासऱ्यांच्या थडग्यांवरचं गवत काढून परत येताना हे म्हणाले, चल, निंगपोला तुझ्या बहिणीकडे जाऊ. मी म्हटलं, सकाळची बस बरी. तर म्हणे, बस कशाला, घरची बोट असताना? सव्वादोनशे ली, म्हणजे शंभरावर किलोमीटर, गं! अडतीस वर्षांत या माणसाने अख्ख्या शाओशिंगला लग्नांना नेलं, जत्रांना नेलं, बायकोला मात्र बाजाराच्या घाटापलीकडे नेलं नाही. आता साठी उलटल्यावर ही हौस कुठून आली, हे मला कळत नाही, आणि विचारलं की हे शिट्टी वाजवतात.

जुना कालवा सुंदर आहे. पुलाखालून जाताना बायका धुणं थांबवून आम्हाला हसतात. मी काळ्या टपाखाली यांच्याकडे तोंड करून बसते. हे पायांनी वल्हं रेटतात, काखेतल्या छोट्या वल्ह्याने दिशा धरतात. म्हणजे पुढचं सगळं यांना दिसतं आणि मला दिसतात यांचे तळवे.

पण यंदा तेही दिसत नाहीत, कारण हे मोजे घालून बसलेत. भर हिवाळ्यातही अनवाणी वल्हं मारणारा माणूस! दांडी तळव्याला कळली पाहिजे, असं नव्या नावाड्यांना आयुष्यभर दटावत आले. विचारलं तर म्हणतात, अडतीस वर्षं तेच काळे तळवे बघून तू कंटाळली असशील. झोपतानाही काढत नाहीत. तू तीस वर्षं इस्पितळात नर्स होतीस, तुला काही सुचतं का? पुढचं पत्र त्साओअच्या पोस्टात मागेन.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी,
आयश्येन


निंगपो, १० एप्रिल

ती. ताईस,

क्वेफांगचा सा. न. वि. वि. दाजी तुला फिरायला नेताहेत हे मी शेजारणीला सांगितलं, तर ती म्हणाली, त्यांना ताप आहे का बघायला सांग. मीही हसले. मग मोज्यांचा मजकूर वाचला आणि हसू थांबलं.

ताई, मला काही गोष्टी कळव. दाजी हल्ली पाणी फार पितात का? वाळले आहेत का? संध्याकाळी पाय धुवायला पाणी देशील तेव्हा आधी आपला हात घालून बघ. तुला चटका बसावा आणि त्यांना काहीच वाटू नये, असं होतं का? आणि काही झालं तरी ते मोजे उतरव. नवऱ्यावर ओरडायला तुला मी शिकवायला नको, लहानपणी मी पुरेसा मार खाल्ला आहे.

मी तांदळाच्या वड्या करून ठेवल्या आहेत. लवकर या, आणि या धाकटीवर माया असू द्या.

तुझी,
क्वेफांग


त्साओअ, १२ एप्रिल

चि. क्वेफांग हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र पोस्टातून घेतलं, पण तोवर तुझ्या प्रश्नांचं उत्तर मला बंधाऱ्यावर मिळालं होतं.

इथे बोट एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात उतारावरून ओढून नेतात, तुला आठवत असेल. उताराला ओला चिखल फासतात. पूर्वी रेडे लावायचे, आता दोर गुंडाळणाऱ्या चरकाला मोटार आहे. बोट ओढताना नावाड्याने तिच्या कडेला हात लावून अनवाणी चालायचं, हा रिवाज. बंधाऱ्यावरचा म्हातारा यांच्यावर खेकसला, की मोजे घालून माझा चिखल तुडवायला तू काय मोठा साहेब आहेस? सगळे हसले. यांना मोजे काढावेच लागले.

हे चालत होते, त्या म्हाताऱ्याला जुना किस्सा सांगत होते. मी मागून येत होते. चिखलात लाल ठसे दिसले. मला वाटलं, पुढे कुणाच्या हातात कापलेली कोंबडी असेल. ठसे मोजत गेले तर ते यांच्या उजव्या पावलाखाली संपले. शिंपल्याचा तुकडा बोटाएवढा आत शिरला होता, आणि हे किस्सा सांगून हसत होते. मी ओरडले तेव्हा खाली पाहिलं. आणि क्वेफांग, यांना आश्चर्य वाटलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

शिंपला काढला. शेजारी आधीचीही एक जखम आहे, काळी, वास येणारी. पाणी, वाळणं, सगळं तू लिहिलंस तसंच. विचारलं तर म्हणतात, निंगपो आलं की सांगतो. आज वल्हं मी मारलं. बोट तीनदा गोल फिरली, पुलावरच्यांची करमणूक झाली. पुढचं पत्र युयाओला पाठव.

तुझी,
ताई


(त्याच पाकिटात, सिगारेटच्या कागदावर)

क्वेफांग,

तुझी ताई टपालाची तिकिटं आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. माझं अक्षर बदकाच्या पायांसारखं आहे, समजून घे. माघ महिन्यात आमच्याकडच्या डॉक्टरने सांगितलं, रक्तात साखर आहे, निंगपोच्या मोठ्या इस्पितळात जा, पाय कापावा लागेल. कापल्यावर मी बोट कशी चालवणार? आयश्येनला कुठे न्यायचं राहून गेलं होतं. म्हटलं, आधी तिला नेतो, मग पाय देतो. तिला रागावू देऊ नकोस.

श्वेइगन


निंगपो, १४ एप्रिल

ती. ताई आणि दाजी यांस,

नमस्कार. दाजींची चिठ्ठी मी लपवणार नाही, ती सोबत परत पाठवते आहे. ताई, वाच आणि हवं तेवढं रागाव, पण बसमध्ये बसून रागाव. बोट युयाओतच बांधा. इस्पितळात मी बोलून ठेवलं आहे. दाजी, पूर्ण पाय की अर्धं पाऊल, हे आता दिवसांवर आहे. तुमच्या फिरण्याचं कौतुक मी नंतर करीन, आज मला तुमचा भयंकर राग आला आहे.

क्वेफांग


युयाओच्या पुढे, बोटीतून, २२ जून

चि. क्वेफांग हिस,

अनेक आशीर्वाद, आणि दोन महिने दोघांना सांभाळलंस त्याबद्दल जे वाटतं ते कागदावर येत नाही. युयाओला ज्या वीटभट्टीच्या घाटावर बांधली होती, तिथे बोट जशीच्या तशी होती, फक्त आत कोंबडीने अंडी घातली होती. भट्टीवाल्याने ती आम्हालाच दिली.

डॉक्टरांनी अर्धं पाऊल ठेवलं, हे तुझ्यामुळे. यांच्याशी मी आठ दिवस बोलले नाही, ते तू पाहिलंस. मला न सांगता माझ्यासाठी पाय पणाला लावला, ही माया मला नको होती. मग एकदा मलमपट्टी बदलताना यांनी विचारलं की कालवा कसा वाटला, आणि माझ्या तोंडून खरं उत्तर गेलं, की फार आवडला. काय करणार!

परत जाताना वल्हं माझ्याकडे आहे. हे माझ्या जागी टपाखाली बसतात आणि चुका काढतात. पुढचं मला दिसतं, आणि खरंच सांगते, या बाजूने कालवा वेगळाच आहे. दोन दिवसांत माझ्या तळव्यांना फोड आले. यांना कळू नये म्हणून काल सकाळी मी गुपचूप मोजे चढवून बसले.

यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग हळूच पुढे सरकले, आपल्या हातांनी माझे मोजे उतरवले, फोडांना बोटीच्या लाकडाला लावतात तेच तेल लावलं आणि मोजे कालव्यात टाकून दिले. म्हणाले, या बोटीत आता कुणीही मोजे घालायचे नाहीत.

तुझी,
ताई