डावीकडे सायकल

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला, उत्तराला उशीर केला. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे कुरकुर करतात, पण तिच्यापेक्षा कमीच. पत्र अशासाठी लिहितो की फोनवर आई स्पीकर लावून बसते आणि आपल्या घरात फोन सगळ्यांचाच असतो. हे वाचून तुझ्यापाशीच ठेव.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची रीत तुला ठाऊक आहे. शिकणाऱ्याने दिसेल ते मोठ्याने बोलायचं. पुढे वळण, मागे ट्रक, उजवीकडे आजोबा. बोललं की नजर फिरती राहते, आणि त्याला काय दिसलं नि काय निसटलं ते शेजारी बसलेल्या मला कळतं. गेल्या महिन्यात पोस्टातल्या बाई शिकायला होत्या. त्या एरवी वाऱ्यावर उडणाऱ्या कागदालाही घाबरतात. त्या दिवशी म्हणाल्या, डावीकडे सायकल, आणि कचकन ब्रेक दाबला. मी त्यांच्यावर वैतागलो. डावीकडे काही नाही, उगाच भुतं बघू नका, असं म्हणालो. तेवढ्यात एक सायकलवाली बाई बॉनेटला जवळजवळ घासून पुढे गेली. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तो आजवर मी वेळेवर दाबत आलो. त्या दिवशी माझा पाय हललाच नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं नीट दिसतं, कडेचं गेलं आहे, डावीकडचं जास्त. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. गाडी चालवायची नाही, शिकवायचीही नाही. त्याच दिवसापासून मी शिकवणं बंद केलं. माझा भागीदार मिशी आता एकटाच सगळं बघतो. घरी पाठ दुखते म्हणून सांगितलं आहे. तू घाबरशील म्हणून लिहितो, मला काही वाटत नाही. खरंच वाटत नाही. जेवतो, झोपतो, थेंब घालतो.

कामाची गोष्ट पुढेच आहे. नवी गाडी घ्यायची आहे आणि ती तुझ्या वहिनीने चालवायची आहे. हिला यातलं काही माहीत नाही. आईला वाकून आत शिरता येत नाही आणि वर चढताही येत नाही, म्हणून सीट तिच्या कमरेच्या उंचीची हवी. हिची पडद्यांची कामं वाढली आहेत, लांब रॉड न्यावे लागतात, तेव्हा मागची सीट दुमडणारी हवी. आमची ठकी जूनमध्ये कॉलेजच्या हॉस्टेलला जाईल, तिच्या सामानालाही जागा लागेल. गिअर ऑटोमॅटिक, म्हणजे शिकायला सोपं. आणि सगळ्यात आधी, डाव्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवता आला पाहिजे. गॅरेजवाला म्हणतो, तो सगळ्याच गाड्यांत बसत नाही. रंग कुठलाही चालेल.

धाकटी असलीस तरी सल्ला दे, आणि माया आहे तशी असू दे.
तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

दातांच्या दवाखान्यात दिवसभर मी लोकांना आ करायला लावते, पण घरच्या माणसाचं तोंड उघडायला एक सायकलवाली बाई लागली. तुझं पत्र मी औषधांच्या खोलीत उभ्याने वाचलं. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली, मला ऐकू आली नाही. तुला काही वाटत नसेल तर नसो. मला वाटतंय, दोघांच्या वाटचं मी रडून घेतलं.

गाडीचं म्हणशील तर आईच्या कमरेचा हिशेब मला पटला. सीटचं कापड गडद घ्या, कारण आई गाडीत खाते आणि आपण खाल्लं नाही म्हणते. ऑटोमॅटिकही ठीक. तो ब्रेक मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही. तू बसमध्ये बसलास तरी पाय दाबतोस, सिनेमात गाडी वेगाने आली तरी दाबतोस, हे आम्ही हसून सोडून देत आलो. पण आता, राग मानू नकोस, डोळ्याला दिसलंच नाही तर पाय कशावर दाबणार आहेस?

वहिनीला सांग. पाठदुखी ती किती दिवस खरी मानेल? तुझी पाठ तुझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे. थेंब वेळेवर घाल.

रागावलास तरी मला तुझीच म्हण.
बारकी

२२ फेब्रुवारी

प्रिय बारकी,
स. न. वि. वि.

तू म्हणशील वहिनीला आज पत्राची कुठून हुक्की आली. तुझ्या दादाला गाडी घ्यायची हुक्की आली आहे, तिथून.

रविवार आला की आमची वरात शोरूमला निघते, तीही बसने, कारण यांची पाठ दुखते. पाठ दुखणारा माणूस बसच्या धक्क्यांना कसा चालतो हे मी विचारलं नाही. आई प्रत्येक गाडीत बसून बघतात. एकीत बुड टेकवलं की पाय लोंबकळले, दुसरीत बसल्या त्या दोन सेल्समन लागले उठवायला. तिसरी आवडली, तर उतरायलाच तयार होईनात. तिथल्या मुलीकडे पाणी मागितलं, मग पंखा मागितला. मी घरून लांबातला लांब रॉड कापडात गुंडाळून नेला होता. तो मागची सीट दुमडून आत सरकवला तेव्हा सगळं शोरूम बघत होतं. मापाच्या धंद्यातली माणसं अशीच असतात, बघणाऱ्यांना काय कळणार.

पण यांचं काय चाललंय ते मला कळत नाही. मला गाडी येत नाही, तरी हे मलाच ड्रायव्हरच्या सीटवर बसवतात. सीट वर घ्यायला लावतात, बॉनेट दिसतं का, पाय पोचतात का, असं शंभर वेळा विचारतात. स्वतः डावीकडे जाऊन वाकतात आणि खाली पायाशी हात घालून काहीतरी चाचपतात. सेल्समनने फसवायला बघितलं तरी चिडले नाहीत. आई पंखा मागत होत्या तेव्हा हसले नाहीत. पूर्वी दहा रुपयांच्या भाजीवरून भांडणारा माणूस, आता समोर ठेवलं ते खातो आणि उठतो. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटते.

आणखी एक. हे डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीला आपटतात. दिवाळं निघाल्यासारखे तिथेच उभे राहतात आणि मग पुढे जातात. मी चपलांचं कपाट तिथून हलवलं, शिलाईचं स्टूल उजवीकडे घेतलं. यांच्या लक्षात आलं नाही, आणि तेच मला खुपलं. तुला काही सांगितलं असेल तर सगळं सांगू नकोस, शब्द मोडू नकोस. डोळ्यांचं आहे का, एवढंच कळव.

उत्तराची वाट बघते, मनातून उतरवू नकोस.
तुझी,
वहिनी

२६ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

वहिनीचं पत्र आलं. ती घरातलं सामान उजवीकडे सरकवत चालली आहे आणि तू गाडीच्या सीटचं माप घेत बसला आहेस. मी तिला खोटं लिहिणार नाही. येत्या रविवारपर्यंत तू सांग, नाहीतर सोमवारी मी सांगते. धाकटेपणाची आजवर पुष्कळ सवलत घेतली, ही त्यातलीच एक समज.

चिडूनही तुझीच,
बारकी

६ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. ही मशीनवर पडद्याची किनार शिवत होती. मी बोललो तसं तिने मशीन थांबवलं, धागा कापला आणि म्हणाली, डोळ्यांचं आहे एवढं मला कळलं होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. मग विचारलं, थेंबांची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची का बाहेर. मी म्हणालो बाहेर चालते. तिने किनार पुरी केली. ती रडली नाही, मीही नाही. आईला संध्याकाळी सांगितलं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली आणि नंतर म्हणाली, गाडी तीच घ्या, पंखेवाली.

आईची पंखेवालीच बुक केली. बसायला सोपी, मागे रॉड मावतो. सीट गडद रंगाची.

ही शिकायला तयार आहे, पण दोन अटी घातल्या. शिकवणार मिशी, मी नाही. आणि घरच्या गाडीत दुसरा ब्रेक नाही. मी म्हणालो, मग मला तुझ्या शेजारी बसता येणार नाही. गाडीत रिकाम्या पायांनी मी कधी बसलेलो नाही. ती म्हणाली, मग मागे बसा. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. गॅरेजवाला निरोप विचारतो आहे, त्याला थांब म्हटलंय. गाडी आली की तिला पटेल.

मला अजूनही काही वाटत नाही. हे तू डॉक्टरीणबाईंसारखं पुन्हा पुन्हा विचारू नकोस.

सांभाळून राहा, आम्हाला धरून राहा.
दादा

१८ मे

प्रिय बारकी,
स. न. वि. वि.

तुझ्या वहिनीला लायसन्स मिळालं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं की बाई, तुम्ही सारखं बोलता का, तर मी म्हटलं, आमच्या शाळेत असंच शिकवतात. दुकानं, माणसं, कुत्री, जे दिसेल ते मी बोलते. मिशीभाऊ हसून हसून बेजार होतात. म्हणतात, दादांच्या हाताखालून शेकडो शिकले, पण लाल दिवा लागला की उभ्या माणसांच्या साडीचा पोत सांगणारी तुम्हीच पहिल्या.

गाडी आली. आई पुढे बसतात, राणीसारख्या. हे मागे, बरोबर माझ्या पाठीशी. चौक आला की यांचा पाय खाली दाबला जातो आणि गुडघा माझ्या सीटच्या पाठीला लागतो. प्रत्येक चौकात लागतो. घरी आल्यावर पाठ शेकावी लागते, म्हणजे ती पाठदुखी शेवटी माझ्याकडे आली.

गॅरेजवाल्याला हे अजून नको म्हणत नाहीत. तुला वाटत असेल की वहिनी हट्टाला पेटली आहे, एक ब्रेक बसवून दिला असता तर काय बिघडलं असतं. ऐक. त्या ब्रेकवर पाय असेल तर यांना जन्मभर पहारा द्यावा लागेल, तोही न दिसणाऱ्या डोळ्यांनी. आणि एखाद्या दिवशी पाय हलला नाही तर पुन्हा तेच. त्या सायकलवाल्या बाईला काही झालं नाही, पण हे त्या रस्त्यावरून अजून परत आलेले नाहीत. मला नवरा परत हवा आहे. आता पहाऱ्यावर मी आहे, हे मला यांच्या गळी उतरवता येत नाही. सांगितलं की म्हणतात, मला काही होत नाही.

जूनमध्ये ठकीला पोचवायला जायचं आहे. लांबचा रस्ता आहे, रात्री उठून मी नकाशातली वळणं मोजते. तुझ्या दादासमोर हे बोललेली नाही, तूही बोलू नकोस.

आठवण ठेव, आणि मायेत काटकसर नको.
वहिनी

१४ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

ठकी हॉस्टेलला पोचली. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. हिने आधीच माप मागवून पडदा शिवून नेला होता, तो लावला तेव्हा खोली जरा ओळखीची वाटली. ठकी रडली नाही. आमच्यावर गेली आहे.

जाताना आई पुढे, मी आणि ठकी मागे सामानात दडपून बसलो. येताना आईचे पाय सुजले. तिला मागच्या सीटवर आडवं केलं, उशी दिली. राहिली फक्त डावी सीट. तिचं दार उघडून ठेवून ही उजवीकडे जाऊन बसली, मला बसा म्हणाली नाही. मी बसलो. खाली पाय ठेवला तर नुसती चटई. सुरुवातीला त्या चटईवरच पाय दाबत होतो, टाच दुखायला लागली.

शहर सुटलं. आईला झोप लागली म्हणून ही हळू आवाजात बोलत होती. पुढे पूल. मागे टँकर, जाऊ देते त्याला. डावीकडे म्हशी. डावीकडे शाळा सुटली आहे, मुलं कडेने चालताहेत. डावीकडचं ती जरा जास्तच सांगत होती. पहिले काही मैल मी दर वेळी मान वळवून खरं का ते बघितलं. म्हशी होत्या. मुलं होती. मग ती म्हणाली, डावीकडे सायकल, आणि गाडी हळू केली. मी मान वळवली. एक म्हातारा कॅरिअरला भोपळे बांधून चालला होता. तो मागे पडला तशी ती पुढचं बोलायला लागली. त्यानंतर मी मान वळवली नाही. तिचं बोलणं चालू होतं, आणि चपला मी कधी काढल्या ते मला आठवत नाही.

तिचा आवाज थांबला म्हणून मला जाग आली. गाडी आपल्या दारात उभी होती. इंजिन बंद करून ही तशीच बसली होती, मला उठवलं नव्हतं. बारके, आयुष्यात मी चालत्या गाडीत कधी झोपलेलो नाही. शिकवायला लागलो तेव्हापासून तर नाहीच. मी पायाने ब्रेक शोधला. चटईवर माझ्याच चपला होत्या, उलट्या पडलेल्या. मग मला रडू आलं. पोस्टातल्या बाईंच्या दिवसापासूनचं सगळं एकदम आलं आणि आवरेना. हिने माझा हात धरून ठेवला. मागून आईने विचारलं, आपण पोचलो का, आणि पोचलो असू तर कोणी दार का उघडत नाही.

गॅरेजवाल्याला नको म्हणून कळवलं आहे.

तू सुट्टीत येशील तेव्हा स्टेशनवर घ्यायला तुझी वहिनी येईल. मी तिच्या शेजारी असेन. झोपलेला दिसलो तर उठवू नका.

तुझाच,
दादा