दव न पडणारं अंगण

३ डिसेंबर

किसनराव तुरुंगातून सुटून आला!

वणीच्या भाजीबाजारात समोरच उभा. दारू पिऊन टिप्पर चालवत होता तो, त्याच टिप्परखाली माझा प्रबोध गेला. माझा एकुलता भाऊ. आता याचे केस पांढरे, हातात मेथीची जुडी. मला पाहून हात जोडले. मी निवडलेली वांगी तशीच टाकून निघून आले.

मेथी खाणार हा. घरी जाऊन, पोराबाळांत बसून.

५ डिसेंबर

रविवारी चर्चची महिला सभा राजूरकडच्या वस्तीत, लीलाबाईच्या घरी. बायबलमधली योनाची गोष्ट मी सांगायची आहे. देव म्हणतो, निनवे शहरात जा, त्या दुष्टांना सांग की नाश येतोय. योना उलट्याच दिशेच्या जहाजात बसतो. मग वादळ, मासा, माशाच्या पोटातली प्रार्थना. मुलांना मासा आवडतो.

मला आज त्याचं पळणं आवडलं.

७ डिसेंबर

लीलाबाईच्या शेजारचं घर किसनरावाचं! मला माहीतच नव्हतं. मध्ये फक्त तारेचं कुंपण.

सकाळची वेळ, कडाक्याची थंडी. सगळ्यांचं गवत दवानं भिजलेलं, त्याचं अंगण मात्र कोरडं. शेळ्या एकमेकींना खेटून बसलेल्या. मधोमध बाज, बाजेवर त्याची तान्ही नात झोपलेली — नयन नाव.

"आमाले शिगडी पेटवा लागते," लीलाबाई म्हणाली, "अन् याच्या आंगनात देवानंच शिगडी ठेवली! तुरुंगातून आल्याचं बक्षीस!"

बाया हसल्या. मी नाही. पप्पा कोळशाच्या खाणीत खाली उतरायचे. सांगायचे — पोरींनो, थंडीत जिथं दव पडत नाही तिथं उभं राहू नका. जुन्या बंद खाणीत कोळसा पेटलेला असतो. वर ऊब, खाली पोकळ.

कुंपणाखालून पाय सरकवला. चप्पल गरम झाली. कडुनिंबाची एक बाजू वाळलेली. वास — विझलेल्या फटाक्यासारखा.

कुणाला काहीच बोलले नाही. आत जाऊन योनाची गोष्ट सांगितली. सगळ्यांना फार आवडली.

८ डिसेंबर

उद्या सांगेन.

९ डिसेंबर

शेजारच्या जैबुनबी आल्या, गाजराचा हलवा घेऊन. त्यांना गोष्टीबद्दल तेवढं सांगितलं. म्हणाल्या, "यूनुस नबी? आमचेबी हायेत ते. पन ते पळाले काहून, मालूम हाय तुले? डर नव्हता त्याहिले. त्याहिले पक्कं मालूम होतं, ते लोक तौबा करतीन अन् अल्लाह माफ करून टाकीन. तेच त्याहिले नको होतं!"

मग माझ्याकडे बघत राहिल्या. "तुहं तोंड काहून उतरलं, बेटी?"

हलव्याची वाटी झाकून ठेवली. मी सांगितलं तर तो वाचेल. माझ्या हातून वाचेल. मला तेच नको आहे.

पण बाजेवर पोर झोपतं, देवा.

१० डिसेंबर

गेले. किसनराव दारातच होता. मला पाहून खालीच बसला.

"ताई, शिव्या द्याच्या असतीन त द्या. माफी मांगाची हिंमत नाही मायी."

"माफी द्यायला आले नाही मी. पोरीला उचला. तुमच्या अंगणाखाली कोळसा जळतोय. घर सोडा."

पुरावा मागितला नाही त्यानं. वाद नाही. उठला, आधी नयनला उचललं. दुपारपर्यंत भांडीकुंडी, माणसं, शेळ्यासुद्धा, सगळं समाजमंदिराच्या ओसरीवर. निनवेतही योनाचं ऐकून जनावरांपासून सगळ्यांनी पश्चात्ताप केला होता ना! ते आठवलं आणि चीड आली. इतकं सहज कसं ऐकतो हा?

सरपंचांना फोन केला. "खाणीच्या साहेबाले कळवतो," म्हणाले.

१३ डिसेंबर

काहीच झालं नाही. घर उभं आहे. लीलाबाईचा फोन — "काय मग भविष्यवाल्या बाई, कधी पडते घर? आमी बघाले बसलो ना!"

आनंद व्हायला हवा. होत नाही. मला ते घर पडायला हवं आहे. निदान घर तरी!

१६ डिसेंबर

गोष्टीचा शेवट पुन्हा वाचला. निनवे वाचलं म्हणून योना रुसून शहराबाहेर बसतो. देव त्याला विचारतो — उजवं-डावं न कळणारी इतकी माणसं, इतकी गुरं, त्यांची मला दया येऊ नये? योनाचं उत्तर दिलेलंच नाही.

संध्याकाळी पुन्हा लीलाबाईचा फोन. "ते गरम जागा रिकामीच पडली होती, म्या माह्या शेळ्या बांधल्या तिथं. मायी बाजबी नेतो आता. किसनराव दिवसातून दहा खेपा येऊन बोंबलते, निंगा म्हनते. तुमचंच वारं लागलं त्याले!"

"तिथून उठा" — एवढंच म्हणायचं होतं. पण तिचं ते हसू टोचलं.

"बांधा," म्हणाले आणि फोन ठेवला.

१७ डिसेंबर

सकाळी अंगण खचलं. लीलाबाई शेळ्यांसकट आत. किसनराव ओसरीवरून धावत आला आणि मागे न पाहता खाली उतरला. तिला खांद्यावर घेऊन वर ढकललं, लोकांनी ओढून काढलं. मग खड्ड्याची कड कोसळली, तो आतच राहिला.

मी इथे तारेपाशी बसले आहे. खालून धूर येतोय. दोर सोडलेत.

आज पहिल्यांदा त्याचं नाव घेऊन प्रार्थना करते आहे. देवा, किसनरावाला वर येऊ दे.